पाचशे वर्षांचा पेला

वर्धापनदिन साजरा करण्याच्या तऱ्हा प्रत्येक समाजात वेगवेगळ्या असतात. कोठे मिरवणूक निघते, कोठे पुतळ्याला हार घातला जातो, कोठे स्मरणिका छापली जाते. आपल्या धर्मग्रामांत रौप्यमहोत्सव वा शताब्दी आली की नोव्हेना, सणाची मिस्सा आणि दुपारचे सहभोजन हा बेत ठरलेलाच असतो. युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत याच्या जोडीला आणखी एक प्रथा रूढ झाली आहे. एखाद्या ऐतिहासिक घटनेला शंभर, दोनशे वा पाचशे वर्षे पूर्ण झाली की त्या घटनेच्या नावाने एक खास बिअर तयार करावयाची आणि तिच्या साक्षीने तो दिवस साजरा करावयाचा.

ही कामगिरी बहुधा क्राफ्ट बिअर करणाऱ्या लहान ब्रुअरी अंगावर घेतात. मोठ्या कारखान्यातून लाखो लिटरांनी निघणारी एकसाची बिअर वेगळी, आणि थोड्या प्रमाणात, कारागिराच्या आवडीनुसार सिद्ध होणारी ही बिअर वेगळी. लहान ब्रुअरीला एकच घाणा काढून थांबणे परवडते. त्यामुळे एका विशिष्ट तारखेसाठी एक विशिष्ट बिअर ही कल्पना तिला सहज पेलते. बाटलीवर सन छापलेला असतो, एखादे जुने चित्र असते आणि चार ओळींत इतिहास सांगितलेला असतो. पिणारा त्या चार ओळी वाचतो, पेला उंचावतो आणि स्मरण झाले असे मानतो.

चार ओळींत मावणारा हा इतिहास आणि प्रत्यक्ष घडलेला इतिहास यांत किती अंतर असते, हे पाहण्यास २०१६ आणि २०१७ ही दोन वर्षे फार बोलकी आहेत. या लागोपाठच्या वर्षांत जर्मनीने पाचशेव्या वर्षाचे दोन सोहळे केले. पहिला बिअरविषयीच्या एका कायद्याचा, दुसरा ख्रिस्तसभेच्या धर्मसुधारणेचा, म्हणजेच आपल्या दृष्टीने पश्चिमेकडील ख्रिस्तसभेच्या फाळणीचा. दोन्ही प्रसंगी पेले उंचावले गेले. वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु थोडे खोलात शिरले की तेच गाव, तोच राजा आणि तीच माणसे भेटतात. ही कथा कॅथलिक कुटुंबांनी जाणून घ्यावी असे वाटते. मद्यपानाची भलामण करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्याला अपरिचित नाहीत. प्रश्न पेल्याचा नाही. आपण इतिहास कसा आठवतो, याचा आहे.

मठ आणि बिअर

बिअर आणि ख्रिस्तसभा यांचे नाते जुने आहे. ज्या उत्तर युरोपात द्राक्षे नीट पिकत नाहीत, तेथे सातूची बिअर हा दैनंदिन आहाराचाच भाग होता. संत बेनेडिक्टच्या नियमाने मठवासीयांना स्वतःच्या हातच्या श्रमांवर जगण्याची शिकवण दिली. त्यामुळे शेती, दळण, भाकरी आणि बिअर ही सारी कामे मठाच्या आवारात आली. स्वित्झर्लंडमधील संत गालच्या मठात इ. स. ८२० च्या सुमाराचा एका आदर्श मठाचा आराखडा जतन केलेला आहे. त्यात बिअर तयार करण्याच्या तीन जागा दाखविल्या आहेत. एक मठवासीयांसाठी, दुसरी प्रतिष्ठित पाहुण्यांसाठी आणि तिसरी यात्रेकरू व गोरगरिबांसाठी. दारी आलेल्या गरिबाचा पेला मठाने नकाशावरच राखून ठेवला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बिअरला कडवटपणा देणारी आणि तिला नासू न देणारी हॉप नावाची वेल असते. तिच्या या गुणाची नोंद बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड हिने केली. हिल्डेगार्ड ही ऱ्हाइन नदीकाठची बेनेडिक्टाइन मठाध्यक्षा. वनौषधी, संगीत आणि दर्शने या तिन्ही क्षेत्रांत तिची गती होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१२ मध्ये तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांच्या मालिकेत स्थान दिले.

मठांतील ही परंपरा आजही पुरती लोपलेली नाही. बेल्जियममधील शिमे गावाजवळ स्कुरमाँ येथे १८५० मध्ये ट्रॅपिस्ट व्रतस्थांनी मठ स्थापन केला आणि १८६२ पासून तेथे बिअर होऊ लागली. शिमेच्या पाचशेव्या वर्षाच्या निमित्ताने १९८६ मध्ये या बिअरच्या मोठ्या बाटलीला ‘सँक साँ’, म्हणजे ‘पाचशे’, असे नाव मिळाले. वर्धापनाला बिअरची जोड देण्याचे हे एक नमुनेदार उदाहरण म्हणता येईल. परंतु येथे एक शर्त आहे. ट्रॅपिस्ट ही मुद्रा लावावयाची तर बिअर मठाच्या परिसरात, व्रतस्थांच्या देखरेखीखाली झाली पाहिजे आणि मिळकत मठाचा निर्वाह व परोपकार यांसाठीच वापरली गेली पाहिजे. म्हणजे बाटलीवरच्या नावामागे एक नेम उभा असतो, आणि नाव खरे ठेवण्याचे काम तोच करतो.

इंगोलश्टाटचा हुकूम

आता २०१६ च्या सोहळ्याकडे वळू. २३ एप्रिल १५१६ या दिवशी बव्हेरियातील इंगोलश्टाट या नगरात ड्यूक विल्हेल्म चौथा आणि त्याचा भाऊ लुडविग दहावा यांनी प्रांताच्या सभेत एक हुकूम जारी केला. बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी यांखेरीज काहीही घालू नये, असे त्यात म्हटले होते. जर्मनीत हा हुकूम शुद्धतेचा कायदा म्हणून ओळखला जातो. तो अन्नशुद्धीचा सर्वांत जुना आणि आजही जिवंत असलेला नियम आहे, असा गौरव नेहमी केला जातो. २२ एप्रिल २०१६ रोजी इंगोलश्टाट येथे त्याचा पाचशेवा वर्धापन झाला, तेव्हा तत्कालीन चॅन्सलर अँगेला मेर्केल स्वतः उपस्थित होत्या.

मूळ हुकूम वाचला तर मात्र वेगळेच चित्र दिसते. त्यातील बराच मजकूर शुद्धतेविषयी नसून दराविषयी आहे. महादूत संत मायकलच्या सणापासून संत जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे हिवाळ्यात, एका मापाला एक फेनिगपेक्षा अधिक घेऊ नये. आणि संत जॉर्जपासून संत मायकलपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात, दोन फेनिगपेक्षा अधिक घेऊ नये. हे माप सुमारे एका लिटरचे. बाजाराचे दरही संतांच्या सणांवरून मोजले जात, इतके त्या काळचे जीवन ख्रिस्तसभेच्या पंचांगात गुंफलेले होते.

केवळ सातूच वापरण्याच्या सक्तीमागे एक कारण पोटाचे होते. गहू आणि राय ही भाकरीची धान्ये. ती बिअरमध्ये गेली तर गरिबाची भाकरी महागणार. दुसरे कारण असे की त्या काळी बिअरमध्ये नाना प्रकारच्या वनस्पती घातल्या जात आणि त्यांतील काही विषारीही असत. हेतू चांगलाच होता. परंतु गव्हाच्या बिअरला पुढे अपवाद मिळाला. तिचा खास परवाना एका सरदार घराण्याकडे गेला आणि १६०२ मध्ये ते घराणे निर्वंश झाल्यावर ड्यूकने तो हक्क आपल्याकडे घेतला. त्यातून राजाच्या खजिन्यात वर्षानुवर्षे पैसा येत राहिला. शुद्धतेच्या नियमातून राजाची स्वतःची तिजोरी अशी अलगद बाजूला राहिली.

शुद्धतेचा कायदा हे भारदस्त नावही १५१६ चे नाही. ते १९१८ मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळातील चर्चेत प्रथम उच्चारले गेले. सबंध जर्मन साम्राज्याला हा नियम लागू झाला तो १९०६ मध्ये. पुढे १९८७ मध्ये युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला, की या नियमाचा आधार घेऊन जर्मनीला परदेशी बिअरची वाट अडविता येणार नाही. २०१६ च्या वर्धापनात सर्वच बिअरवाले आनंदी होते असेही नाही. फळे, मसाले आणि जुन्या वनस्पती वापरून नवे प्रयोग करू पाहणाऱ्या क्राफ्ट बिअरवाल्यांना हा नियम जाचक वाटत होता आणि तसे ते उघडपणे बोलतही होते.

एक गोष्ट मात्र या सगळ्याहून लक्षणीय आहे. हुकुमात सातू, हॉप आणि पाणी या तिघांचीच नावे आहेत. यीस्टचे, म्हणजे खमिराचे, नाव नाही. खमिरावाचून बिअर होतच नाही. आधीच्या घाण्याच्या तळाशी राहिलेला गाळ पुढच्या घाण्यात घालण्याची रीत होती, पण त्याला घटक म्हणून कोणी मोजत नसे. खमिराचे खरे कार्य विज्ञानाने उलगडले ते लुई पाश्चर यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात. तिघांची नावे हुकुमात नोंदली गेली आणि सारे परिवर्तन घडविणारा चौथा नोंदीबाहेर राहिला. इतिहासाच्या स्मरणातही असे पुष्कळदा घडते.

तेच गाव, तोच राजा

हुकूम निघाला तेव्हा इंगोलश्टाटच्या विद्यापीठात योहान एक नावाचे धर्मगुरू ईशज्ञानाचे प्राध्यापक होते. दीड वर्षाने, ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी, विटेनबर्ग येथील मार्टिन ल्यूथर या ऑगस्टिनियन व्रतस्थाने माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांना एक पत्र लिहिले आणि त्यासोबत आपले पंचाण्णव सिद्धान्त पाठविले. ‘इंडल्जन्स’, म्हणजे पापाच्या ऐहिक शिक्षेतून सूट देणारी पत्रे, पैशाच्या मोबदल्यात ज्या रीतीने वाटली जात होती, तिला त्याचा आक्षेप होता. या पैशातील अर्धा भाग रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामासाठी होता. उरलेला अर्धा आर्चबिशपांनी पदप्राप्तीसाठी सावकाराकडून काढलेले कर्ज फेडण्यात जात होता. ल्यूथरला या कर्जाची कल्पना तेव्हा नव्हती.

ल्यूथरने हातोडा घेऊन चर्चच्या दारावर सिद्धान्त ठोकले हे चित्र सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते खरोखर ठोकले गेले काय, याविषयी एर्विन इझेरलो या कॅथलिक इतिहासकाराने १९६१ मध्ये शंका उपस्थित केली आणि तेव्हापासून हा वाद चालू आहे. पत्र मात्र उपलब्ध आहे. बाटलीच्या वेष्टनावर अर्थातच हातोडाच शोभून दिसतो. पत्राचे चित्र कोण काढणार?

एक आणि ल्यूथर यांच्यात १५१७ मध्ये स्नेहाचा पत्रव्यवहार होता. १५१८ मध्ये तो तुटला. १५१९ मध्ये लाइपझिग येथे दोघे वादसभेत समोरासमोर उभे राहिले. १५२० मध्ये पोप लिओ दहावे यांचा ल्यूथरला ताकीद देणारा आदेश निघाला. त्याच्या तयारीत आणि जर्मनीतील प्रसारात एक यांचा हात होता. जानेवारी १५२१ मध्ये ल्यूथर बहिष्कृत झाला. ज्या विल्हेल्म चौथ्याने बिअरचा हुकूम काढला, त्यानेच मार्च १५२२ मध्ये बव्हेरियात ल्यूथरच्या शिकवणीवर बंदी घालणारा हुकूम काढला. एकाच राजाने पिंपातील शुद्धतेचा आणि श्रद्धेतील शुद्धतेचा असे दोन्ही हुकूम सहा वर्षांच्या आत काढले. पुढे त्याच्याच विनंतीवरून १५४९ मध्ये येशूसंघीय संत पेत्र कनिसियस आपल्या सोबत्यांसह इंगोलश्टाटला आले आणि बव्हेरिया कॅथलिक राहिला.

तिकडे विटेनबर्गमध्येही बिअर होतीच. मार्च १५२२ मध्ये दिलेल्या एका प्रवचनात ल्यूथरने सांगितले, की आपण काहीच केले नाही. आपण झोपलो असताना किंवा मित्रांसोबत विटेनबर्गची बिअर पीत असताना देवाच्या शब्दानेच सारे काही केले. सुधारणेच्या वर्धापनाला बिअरची जोड देणाऱ्यांना याहून चांगला आधार कोणता मिळणार! १५२५ मध्ये त्याने कॅथरिना फॉन बोरा या सिस्टर्शियन मठ सोडून आलेल्या स्त्रीशी विवाह केला. ज्या मठात तो पूर्वी व्रतस्थ म्हणून राहत होता, तीच इमारत या जोडप्याचे घर झाली. कॅथरिना तेथे गुरेढोरे, बाग, विद्यार्थ्यांची खाणावळ सांभाळी आणि घरासाठी बिअरही तयार करी. मठाचा नेम गेला, पण मठाच्या छपराखालची बिअर राहिली.

शताब्दी कशासाठी?

सुधारणेची शताब्दी कोणी कशी साजरी केली हे पाहिले की त्या त्या काळाचेच चित्र दिसते. १६१७ च्या शताब्दीत दोन्ही बाजूंनी एकमेकांवर प्रखर टीका झाली. पुढच्याच वर्षी तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि १६४८ पर्यंत जर्मन भूमी होरपळून निघाली. १८१७ मध्ये नेपोलियनच्या पराभवानंतरचा उत्साह होता. वार्टबुर्गच्या किल्ल्यावर विद्यार्थी जमले आणि ल्यूथर हा राष्ट्रवीर झाला. १९१७ ची शताब्दी पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत आली आणि तोच ल्यूथर सैनिकांचे मनोधैर्य वाढविण्यासाठी वापरला गेला. प्रत्येक पिढीने त्याला आपल्या कामाला जुंपले.

२०१७ मध्ये बाजाराची पाळी होती. ल्यूथरच्या नावाच्या व चित्राच्या बिअर निघाल्या. मोजे, मिठाई, पेले निघाले. प्लेमोबिल या खेळण्यांच्या कंपनीने काढलेल्या ल्यूथरच्या इवल्याशा बाहुलीच्या पहिल्या ३४,००० प्रती २०१५ मध्ये तीन दिवसांत संपल्या. त्या बाहुलीच्या हातातील उघड्या बायबलच्या एका पानावर जुन्या कराराच्या नावाखाली ‘समाप्त’ असा शब्द होता. यातून यहुदी लोकांविषयीचा जुना तुच्छभाव ध्वनित होतो असा आक्षेप आला आणि तो शब्द पुढे काढण्यात आला. आक्षेप क्षुल्लक नव्हता. १५४३ मध्ये ल्यूथरने यहुदी लोकांविरुद्ध अत्यंत विषारी पुस्तक लिहिले होते आणि विसाव्या शतकात नाझींनी त्याचा वापर केला. १५२५ च्या शेतकऱ्यांच्या उठावात त्याने राजांना शेतकऱ्यांवर शस्त्र चालविण्याचे आवाहन केले. हजारो शेतकरी मारले गेले. बिअरच्या वेष्टनावर या गोष्टींना जागा नसते.

परंतु दुसऱ्याच्या विसरण्याकडे बोट दाखविताना आपले विसरणेही तपासले पाहिजे. ल्यूथरच्या आधी शंभर वर्षे, १४१५ मध्ये, यान हुस याला कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले होते. सुधारणेची निकड कित्येक संतांनी व विद्वानांनी सांगितली होती. तरीही ट्रेंटची परिषद भरण्यास १५४५ साल उजाडले. या विलंबाच्या काळात एक आवाज मात्र उठला होता आणि तो खुद्द पोपमहोदयांचा होता. जानेवारी १५२३ मध्ये न्यूरेंबर्गच्या सभेत पोप एड्रियन सहावे यांच्या प्रतिनिधीने त्यांचा संदेश वाचून दाखविला. आजाराचा प्रारंभ मस्तकापासून, रोमच्या दरबारापासून झाला आहे आणि शुद्धीचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा, अशी कबुली त्यात होती. एड्रियन त्याच वर्षी निवर्तले. त्यांची कबुली मागे पडली आणि वाद पुढे गेला. बिअरच्या हुकुमातील खमिराप्रमाणे हा आवाजही पुष्कळ वर्षे आपल्या सांगण्याबाहेर राहिला.

लुंडची वाट

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्तैक्याचा आदेश प्रसिद्ध केला आणि स्मरणाची रीत बदलू लागली. ल्यूथरच्या जन्माला पाचशे वर्षे झाली तेव्हा, डिसेंबर १९८३ मध्ये, संत जॉन पॉल दुसरे यांनी रोममधील ल्युथरन चर्चमध्ये जाऊन प्रवचन केले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्युथरन जागतिक संघ यांनी तारणाविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस देवाच्या कृपेने, ख्रिस्तावरील श्रद्धेने नीतिमान ठरतो, हे मूलभूत सत्य दोघांनी मिळून मान्य केले. ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात घरे फुटली, त्याच्या गाभ्याविषयी एकवाक्यता झाली. पुढे मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही तिला येऊन मिळाल्या.

पाचशेव्या वर्षासाठी दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये एक संयुक्त दस्तऐवज तयार केला. फाळणीचा उत्सव करता येत नाही, परंतु तिचे स्मरण एकत्र करता येते, असा त्याचा आशय होता. शुभवर्तमानाकडे पुन्हा वळल्याबद्दल आभार मानावयाचे आणि ऐक्य दुभंगल्याबद्दल दुःख करावयाचे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावयाची. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीडनमधील लुंडच्या कॅथेड्रलमध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस आणि ल्युथरन जागतिक संघाचे अध्यक्ष बिशप मुनीब युनान यांनी एकत्र प्रार्थना केली व संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. लुंड हे गाव निवडले गेले, कारण तेथेच १९४७ मध्ये या संघाची स्थापना झाली होती.

त्या निवेदनात एक परिच्छेद असा आहे, की जो आपल्या घरांपर्यंत पोहोचतो. ज्यांचे सारे आयुष्य एकत्र आहे, पण जे प्रभुभोजनाच्या एका मेजावर एकत्र येऊ शकत नाहीत, त्यांची वेदना दोन्ही बाजूंनी तेथे बोलून दाखविली आणि ती दूर करण्याची जबाबदारी आपली आहे असे मान्य केले.

मराठीच्या अंगणात

ही सारी कथा दूर युरोपातील आहे, तिच्याशी मराठी ख्रिस्ती माणसाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे आणि तो आपल्या साहित्याच्या मुळाशी आहे. २०१६ हे वर्ष ‘क्रिस्तपुराणा’चेही चारशेवे वर्ष होते. हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापला गेला. त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज होते. इंग्लंडमधील धर्मांतराची कारणे जर्मनीहून निराळी होती, पण फळ तेच होते. कॅथलिक राहू इच्छिणाऱ्यास तेथे मोकळेपणे जगणे अशक्य झाले होते. स्टीफन्स यांच्या निकटच्या मित्राला तुरुंगात जावे लागले. ते स्वतः रोमला गेले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले. ज्या फाळणीने त्यांचा देश त्यांना पारखा केला, तिच्याच लाटेबरोबर मराठीला तिचे पहिले ख्रिस्ती महाकाव्य मिळाले.

फाळणीची दुसरी शाखाही मराठीत बहरली. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले. त्यांच्याच परंपरेत १८९५ मध्ये नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ रचावयास घेतले आणि ते अपुरे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी वाचकाच्या घरचेच पुस्तक आहे. स्टीफन्स आणि टिळक हे फाळणीच्या दोन काठांवरचे. पण दोघांनीही ख्रिस्ताचे चरित्र मराठी छंदात गायले आणि आज दोघांचे ग्रंथ एकाच फळीवर शेजारी बसतात. पुस्तकांना जे साधले ते माणसांना अजून पुरते साधलेले नाही.

दोन पंगती

मुंबई, पुणे, नगर येथील कितीतरी कुटुंबांत एक जोडीदार कॅथलिक आणि दुसरा प्रॉटेस्टंट असतो. अशा विवाहासाठी आधी परवानगी घ्यावी लागते, मुलांच्या बाप्तिस्म्याविषयी वचन द्यावे लागते. लग्नाच्या जेवणात सारे एका पंगतीला बसतात. एकाच घागरीचे पाणी पितात, एकच वडा-सांदणे वाटून खातात. रविवारी मात्र वाटा फुटतात. किंवा एकाच चर्चमध्ये शेजारी बसलेल्या दोघांपैकी एक कम्युनियनसाठी उठतो आणि दुसरा बाकावर बसून राहतो. पाचशे वर्षांपूर्वी विटेनबर्ग आणि इंगोलश्टाट येथे जे घडले, ते त्या बाकावर प्रत्येक रविवारी पुन्हा घडते. वर्धापनाचा सन कोणत्याही वेष्टनावर छापलेला नसला तरी ते पाचशे वर्षांचे अंतर दोन माणसांत त्या घटकेला उभे असते.

म्हणून वर्धापनाच्या पेल्याविषयी निर्णय करताना आपण फार कडक होऊ नये आणि फार भोळेही होऊ नये. कॅथलिक आणि ल्युथरन एका टेबलाशी बसून एकच बिअर पितात, ही गोष्ट १६१७ मध्ये किती कठीण होती हे आठवले, तर तिची किंमत कळते. शेजारधर्म, हसणे-बोलणे, एकत्र खाणे-पिणे यांतूनच वैराची धार बोथट होते. लुंडला जाणारी वाट कित्येक साध्या टेबलांवरून गेली आहे. परंतु ज्या पेल्याने आपल्याला असे वाटू लागते, की झाले गेले सारे मिटले, तो पेला खोटा. प्रभूची पंगत अजून एक नाही आणि ती एक व्हावी म्हणून प्रार्थना, अभ्यास व पश्चात्ताप यांचे काम उरले आहे.

२०३० मध्ये आउग्सबुर्गच्या विश्वासपत्राला पाचशे वर्षे होतील. ल्युथरन पक्षाने १५३० मध्ये सम्राटापुढे मांडलेली ही श्रद्धेची मांडणी ऐक्य टिकविण्याचा एक मोठा प्रयत्न होती. तिच्याही नावाने कोणीतरी बिअर काढील, यात शंका नाही. काढू द्यावी. आपल्याला त्या दिवशी काय करता येईल? आपल्या धर्मग्रामातील मिश्र विवाहाच्या कुटुंबांना एकत्र बोलवावे, शेजारच्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या पाळकांना आमंत्रण द्यावे, ‘क्रिस्तपुराण’ आणि ‘ख्रिस्तायन’ यांतील वेचे एकाच व्यासपीठावरून वाचावेत आणि शेवटी एकत्र प्रार्थना करावी. खर्च फारसा येणार नाही. त्या बाकावर मागे राहिलेल्या माणसाला मात्र इतके कळेल, की त्याचे बसून राहणे मंडळीच्या ध्यानात आहे.